पैंजणापलीकडची चांदी

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातले हुपरी हे गाव चांदीच्या कारागिरीसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. तेथील घराघरांतून घडणारी पैंजणे देशभरच्या पेठांत जातात. पैंजण, वाळे, जोडवी, करदोटा, देव्हाऱ्यातील निरांजन, पूजेची झारी आणि धनत्रयोदशीला घेतलेले एखादे नाणे; सामान्य मराठी कुटुंबातील चांदीची यादी बहुधा येथेच संपते. मात्र २०२५ साली चांदीने किलोमागे दीड लाख रुपयांचा टप्पा ओलांडला, तेव्हा सराफी पेढ्यांवर एकच प्रश्न वारंवार विचारला गेला : एवढी चांदी घेतो तरी कोण?

भाव चढण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांत सटोडियांचाही वाटा असतोच. परंतु एक कारण असे आहे की, त्याचा लग्नसराईशी काहीही संबंध नाही. जगात दरवर्षी खपणाऱ्या चांदीपैकी निम्म्याहून अधिक चांदी आज उद्योगांत जाते. तिचे नवे गिऱ्हाईक ती अंगावर घालीत नाही, देवापुढेही ठेवीत नाही. ते तिचा लेप रुग्णाच्या श्वासनलिकेत घालावयाच्या नळीवर देते, लहान मुलाच्या किडलेल्या दाढेला तिचा थेंब लावते आणि छपरावरच्या सौरपत्र्यात केसासारख्या बारीक रेषांनी ती पसरवते. गेल्या काही वर्षांत या तिन्ही क्षेत्रांत झालेले संशोधन पाहिले, म्हणजे या जुन्या धातूचे फार वेगळे रूप समोर येते.

त्यामागे चांदीचे दोन गुणधर्म आहेत. पहिला असा की, सर्व धातूंमध्ये वीज सर्वांत सुलभतेने वाहून नेणारा धातू चांदीच होय. तांब्याचा क्रमांक तिच्या मागून लागतो. दुसरा गुण असा की, ओलाव्याच्या सान्निध्यात चांदीतून विद्युत्‌भारित कण सुटतात. त्यांना शास्त्रज्ञ आयन म्हणतात. हे कण जिवाणूंच्या प्रथिनांतील गंधकयुक्त भागांना चिकटतात आणि त्या प्रथिनांचे काम बंद पाडतात. जिवाणूचे आवरण ढिले होते, त्याचे श्वसन बिघडते आणि तो मरतो. बाळाला चांदीच्या वाटीतून भरवण्याच्या आपल्या प्रथेमागे हेच विज्ञान असल्याचे अनेकदा सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. गुळगुळीत वाटीतून वरणभात भरवण्याच्या दहा मिनिटांत सुटणारे कण इतके अल्प असतात की, त्यांच्या भरवशावर पाणी उकळण्याचे टाळता येत नाही. वाटी प्रेमाची आहे, औषधाची नाही.

औषध म्हणून चांदीचा पहिला मोठा विजय १८८० सालचा. जर्मनीतील लाइपझिग येथे कार्ल क्रेडे हे प्रसूतितज्ज्ञ होते. आईला परमा हा रोग असल्यास प्रसूतीच्या वेळी त्याचे जंतू अर्भकाच्या डोळ्यांत जात आणि कित्येक बालके जन्मतःच अंध होत. क्रेडे यांनी प्रत्येक नवजात बालकाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा एकेक थेंब टाकण्याचा नियम घालून दिला. त्यांच्या प्रसूतिगृहात शंभरांतील सुमारे दहा बालकांना होणारा हा नेत्रदाह एक टक्क्याच्याही खाली आला. हे थेंब डोळ्यांना झोंबत, म्हणून पुढे प्रतिजैविकांनी त्यांची जागा घेतली. पण मधल्या काळात किती बालकांची दृष्टी वाचली असेल याचा हिशेब करणे कठीण आहे.

दुसरा टप्पा भाजलेल्या रुग्णांचा. १९६८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील चार्ल्स फॉक्स यांनी चांदी आणि सल्फा औषध यांचा संयोग करून सिल्व्हर सल्फाडायझीन तयार केले. भाजल्यावर लावावयाचे ते पांढरे मलम आजही आपल्याकडील बहुतेक औषधांच्या दुकानांत मिळते आणि पुष्कळ घरांच्या कपाटात असते. नव्या संशोधनाचा पहिला धक्का नेमका येथे बसला. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात असे दिसले की, या मलमाच्या तुलनेत सिलिकॉनचा थर दिलेल्या किंवा अन्य आधुनिक पट्ट्यांखाली जखमा लवकर भरून येतात. कारण सरळ आहे. चांदीला जिवाणू आणि नव्याने उगवू पाहणारी कोवळी त्वचा यांतील भेद कळत नाही. ती दोघांनाही उपद्रव देते. हे स्पष्टपणे मांडण्यास वैद्यकशास्त्राला चार दशकांहून अधिक काळ लागला. मलम निरुपयोगी ठरलेले नाही, पण प्रत्येक भाजलेल्या जागेवर ते आपणहून थापण्याचे दिवस संपले आहेत. मोठ्या भाजण्यावर काय लावावे हे डॉक्टरांनीच ठरवावे. घरी करावयाचे पहिले काम म्हणजे भाजलेला भाग पुरेसा वेळ वाहत्या थंड पाण्याखाली धरणे.

नळ्यांची कथा याहून उद्बोधक आहे. अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनावर असलेल्या रुग्णाच्या घशात नळी असते आणि त्या नळीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर साचून न्यूमोनिया होतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत साध्या नळीच्या रुग्णांपैकी ७.५ टक्क्यांना, तर चांदीचा लेप दिलेल्या नळीच्या रुग्णांपैकी ४.८ टक्क्यांना हा न्यूमोनिया झाला. लाभ खरा होता, जरी मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. मग लघवीच्या नळीलाही हाच लेप द्यावा, असे कोणालाही वाटेल. अनेक रुग्णालयांनी तशा महागड्या नळ्या विकत घेतल्याही. २०१२ मध्ये ब्रिटनमधील २४ रुग्णालयांतील सात हजारांहून अधिक रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली : मूत्रमार्गाचा संसर्ग साध्या नळीने १२.६ टक्क्यांना, चांदीच्या नळीने १२.५ टक्क्यांना. धातू तोच, कल्पना तीच, आणि उत्तरे दोन. एखादी गोष्ट पटण्याजोगी वाटणे आणि ती तपासून सिद्ध होणे यांत केवढे अंतर असते, ते या दोन नळ्यांनी दाखवून दिले.

चांदीला जिवाणू सरावत नाहीत, असा एक समज बराच काळ होता. १९७०च्या दशकात अमेरिकेतील बॉस्टनच्या एका भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात साल्मोनेला जिवाणूंची साथ आली आणि जखमांवर लावलेल्या चांदीच्या औषधाला ते जिवाणू दाद देईनात, तेव्हा हा समज ढळला. त्या जिवाणूंकडे चांदीचे कण पेशीबाहेर फेकणारे जणू पंपच होते. त्यांची जनुकीय रचना १९९९ मध्ये शिकागोतील ज्या प्रयोगशाळेने उलगडली, तिच्या प्रमुखांचे आडनाव योगायोगाने सिल्व्हर असेच होते. ही जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणून 'जंतुनाशक चांदी' असे लिहून मोजे, धुलाईयंत्रे आणि भाजी ठेवण्याचे डबे विकण्याच्या प्रथेकडे अनेक संशोधक चिंतेने पाहतात. २००८ साली अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातील संशोधकांनी असे मोजे धुऊन पाहिले, तर काहींतील जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच पाण्याबरोबर निघून गेली होती. पायांना विशेष लाभ नाही, नदीला मात्र भार.

याच्या उलट, जेथे दुसरा उपाय संपत आला आहे तेथे चांदी मोलाची ठरू शकते. २०१३ मध्ये बॉस्टन विद्यापीठातील जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने दाखवले की, अत्यल्प चांदीमुळे काही चिवट जिवाणूंचे बाह्य आवरण सच्छिद्र होते आणि एरवी आत शिरू न शकणारे व्हँकोमायसीनसारखे प्रतिजैविक आत पोचते. हे प्रयोग उंदरांवरचे होते. माणसांसाठीचे औषध अजून दूर आहे. त्याच वर्षी चेन्नईच्या आयआयटीतील टी. प्रदीप आणि सहकाऱ्यांनी चांदीचे अतिसूक्ष्म कण अशा द्रव्यात बसवले की, त्यांतून पिण्याच्या पाण्यात ठरावीक आणि सुरक्षित मात्रेतच आयन सुटत राहावेत. विजेशिवाय चालणाऱ्या या गाळणीचा खर्च एका कुटुंबाला वर्षाकाठी अडीच डॉलरच्या आसपास येईल, असा त्यांचा अंदाज होता.

येथे एक इशारा आवश्यक आहे. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या संदेशांत 'कोलॉइडल सिल्व्हर' नावाचे पाणी रोज पिण्याचा सल्ला दिलेला असतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९९९ मध्येच असे पदार्थ सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाहीत, असा निर्णय दिला आहे. शरीरात साठलेल्या चांदीने त्वचा कायमची निळसर राखाडी होते आणि ती पूर्ववत होत नाही. मिठाईवरील वर्खात चांदीची मात्रा नगण्य असते, म्हणून तो प्रश्न वेगळा. वर्ख कुटताना जनावरांचे कातडे वा आतडी वापरण्याच्या जुन्या रीतीवर मात्र देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये बंदी घातली. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या कुटुंबांनी दीर्घकाळ केलेल्या तक्रारीचे ते कायद्यातील उत्तर म्हणता येईल.

आता दातांकडे वळावयाचे, कारण सामान्य कुटुंबाला सर्वांत जवळचा बदल तेथे घडत आहे.

दृश्य परिचयाचे आहे. चार वर्षांचे मूल, दुधाच्या तीन दाढा किडलेल्या. दंतवैद्याच्या खुर्चीवर बसताच ते तोंड घट्ट मिटते. यंत्राचा आवाज ऐकताच रडू लागते. आजी म्हणते, दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत, कशाला छळता पोराला? आईला रात्रीचे दुखणे दिसत असते. पर्याय उरतो तो मुलाला पूर्ण भूल देऊन सर्व दाढा एकदम दुरुस्त करण्याचा. त्याचा खर्च आणि त्याची धास्ती दोन्ही मोठी. आजीचे म्हणणे मायेपोटी असले, तरी बरोबर नाही. शेवटची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असते. ती किडून लवकर गेली, तर येणाऱ्या दाताची जागा आक्रसते; दुखण्याने खाणे आणि झोप बिघडते ते वेगळेच.

यावरचा उपाय जपानमध्ये पन्नास वर्षांपूर्वीच सापडला होता. १९६९ साली ओसाका विद्यापीठातील निशिनो व यामागा यांनी चांदी, फ्लुओराइड आणि अमोनिया यांच्या संयोगातून सिल्व्हर डायअमाईन फ्लुओराइड हे द्रावण पुढे आणले. चांदी किडीतील जिवाणू मारते, फ्लुओराइड दाताचा मऊ पडलेला भाग पुन्हा कठीण करते आणि अमोनिया द्रावण टिकवून धरतो. दात कापसाने कोरडा करावयाचा, ओठांना व्हॅसलीन लावावयाचे, अगदी छोट्या कुंचल्याने एक थेंब किडीवर मिनिटभर लावावयाचा. सुई नाही, कोरणे नाही. तोंडाला थोडी धातूची चव येते, एवढेच. जपानबाहेर बराच काळ या द्रावणाकडे फारसे लक्ष गेले नाही. २००२ साली हाँगकाँगच्या संशोधकांनी चीनमधील ३७५ लहान मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पुढल्या दुधाच्या दातांवर वर्षातून एकदा हे द्रावण लावल्याने कीड थांबत असल्याचे त्यात दिसले. अमेरिकेने २०१४ मध्ये दात शिवशिवण्यावरील उपाय म्हणून त्यास मान्यता दिली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला.

त्यानंतरचे संशोधन अधिक मोठे आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या दंतमहाविद्यालयाने शहरातील शाळांतच मुलांचे दात तपासून हजारो मुलांना हे द्रावण लावले आणि त्यांची तुलना नेहमीच्या भरणाच्या उपचाराशी केली. २०२३ व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार स्वस्त द्रावण महागड्या उपचाराच्या मागे पडले नाही. शिवाय दंतआरोग्यसेविकांप्रमाणेच शाळेतील प्रशिक्षित परिचारिकांनी ते लावले, तरी परिणाम तितकाच चांगला आला. अमेरिकेतीलच तीन विद्यापीठांच्या दुसऱ्या एका चाचणीत सहा महिन्यांनंतर द्रावण लावलेल्या मुलांतील सुमारे ५४ टक्के, तर न लावलेल्यांतील २१ टक्के किडी थांबलेल्या आढळल्या. दंतवैद्य तालुक्याच्या गावीही सहज मिळत नाही अशा आपल्या ग्रामीण भागाच्या दृष्टीने परिचारिकेविषयीचा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे.

मग अडचण कोणती? कीड काळी पडते. कायमची, कोळशासारखी काळी. जुन्या काळी छायाचित्राची फिल्म ज्या रासायनिक क्रियेने काळी होई, तिचेच हे भावंड. चांदीचे क्षार प्रकाशाने काळवंडतात. निरोगी भाग पांढराच राहतो, पण हसताना दिसणाऱ्या दातावर काळा ठिपका कोणाला आवडेल? न्यूयॉर्क परिसरातील पालकांना २०१७च्या एका पाहणीत हे विचारले असता दाढेवरचा डाग सुमारे दोन-तृतीयांश पालकांनी स्वीकारला, पुढच्या दातावरचा मात्र तिघांतील एकालाही धड पसंत पडला नाही. मूल भूल देण्याइतके घाबरत असेल, तर ही नापसंती कमी झाली, हेही त्या पाहणीत नोंदलेले आहे. ब्राझीलमधील संशोधकांनी चांदीचे अतिसूक्ष्म कण वापरून डाग न पाडणारे द्रावण तयार केले असून शाळकरी मुलांवरील त्याचे पहिले निष्कर्ष २०१४ मध्ये आले. ते अद्याप सर्वत्र रुळलेले नाही.

हे द्रावण जादू नव्हे. कीड दाताच्या नसेपर्यंत गेली असेल, रात्री ठणका असेल, हिरडीवर फोड असेल, तर त्याचा उपयोग होत नाही. चांदीची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते लावू नये. एकदा लावून विसरता येत नाही, सामान्यतः सहा महिन्यांनी पुन्हा लावावे लागते. आणि रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपण्याची सवय कायम राहिली, तर कोणतेही द्रावण किती काळ पुरणार? उलट, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या बाबतीत त्याचा विचार फारसा होत नाही, तो व्हावयास हवा. हिरड्या मागे सरून उघड्या पडलेल्या मुळांना लागलेली कीड या द्रावणाने आटोक्यात येते, याचे चांगले पुरावे आहेत. आणि आजोबांना काळ्या डागाची फिकीर नसते.

दातांतील जुनी चांदी याच सुमारास निरोप घेत आहे. 'दाढेत चांदी भरली' असे आपण म्हणतो, त्या मिश्रणाचा सुमारे अर्धा भाग पारा असतो. पाऱ्यामुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठी २०१३ मध्ये झालेल्या मिनामाता कराराने या भरणाचा वापर घटवण्याचे ठरवले आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अपवाद वगळता तो बंद केला. ज्यांच्या दाढेत ती आधीच आहे त्यांनी घाईने काढून घेण्याचे कारण नाही. काढतानाच पाऱ्याची वाफ अधिक सुटते.

मात्र भावाच्या प्रश्नाचे उत्तर दवाखान्यात मिळत नाही. एका दाताला लागणारा थेंब तो किती! खरे मोठे गिऱ्हाईक छपरावर बसले आहे. सौरघट हा सिलिकॉनचा पातळ काप असतो. त्यावर ऊन पडले की वीज निर्माण होते, पण ती गोळा करून तारेपर्यंत आणावयास काहीतरी हवे. त्यासाठी चांदीचा लगदा जाळीतून, कापडावर ठसे उमटवावेत तसा, घटावर छापतात आणि भट्टीत भाजतात. सौरपत्र्यावर दिसणाऱ्या त्या बारीक पांढुरक्या रेषा म्हणजे चांदी. एका वॉटमागे लागते ती साधारण दहा-पंधरा मिलिग्रॅम. तीन किलोवॉटच्या घरगुती संचात म्हणजे तीस ते पंचेचाळीस ग्रॅम. पैंजणांच्या एका हलक्या जोडाएवढी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे आहे. हिशेब ज्याचा त्याने मांडावा.

२०२४ साली जगभरच्या सौरघटांत सहा हजार टनांहून थोडी अधिक चांदी गेली, म्हणजे एकूण मागणीच्या सुमारे एक-षष्ठांश. दहा वर्षांपूर्वी हा आकडा दोन हजार टनांच्या आत होता. पुरवठा मात्र मागणीच्या हाकेला धावत नाही, कारण बहुतांश चांदी ही शिसे, जस्त, तांबे किंवा सोने काढताना मिळणारे उपउत्पादन आहे. आपल्या देशातील चांदीही मुख्यतः राजस्थानातील शिसे-जस्ताच्या खाणींतून येते. चांदीचा भाव वाढला म्हणून जस्ताची खाण दुप्पट खणली जात नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात ब्रेट हॅलम व सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा सखोल अभ्यास केला. सध्याच्या वेगाने सौरऊर्जा वाढली, तर २०५० पर्यंत ती आज ज्ञात असलेल्या साठ्यांतील ८५ टक्क्यांहून अधिक चांदी खाऊन टाकील, असा त्यांचा अंदाज आहे.

म्हणून संशोधनाची सारी धडपड चांदी कमी करण्याची आहे. रेषा अधिकाधिक बारीक होत आहेत. तांब्याच्या कणांवर चांदीचा पातळ मुलामा देऊन लगदा बनवला जात आहे. सिडनीतील सनड्राइव्ह या छोट्या कंपनीने २०२२ मध्ये चांदीऐवजी तांबे वापरून २६.४१ टक्के कार्यक्षमतेचा घट सिद्ध केला. तांबे चांदीच्या मानाने अतिशय स्वस्त, पण त्याचे दोन दुर्गुण आहेत : ते गंजते आणि सिलिकॉनमध्ये झिरपून घट निकामी करते. छपरावर पंचवीस वर्षे टिकणारे तांबे ही अजून परीक्षा आहे. ती उत्तीर्ण झाली, तर चांदीच्या भावावर त्याचा परिणाम सराफांनाही जाणवेल.

दुसरी वाट जुन्या पत्र्यांतून चांदी परत काढण्याची. सराफकट्ट्यावर झारेकरी असत. दुकानासमोरची आणि कारागिराच्या बैठकीखालची माती विकत घेऊन, ती धुऊन-गाळून ते तिच्यातील सोन्याचांदीचे कण वेचीत. कारागिराची मोड आटणीत जाते, धूळही वाया जात नाही. सौरपत्र्याचे तसे नाही. त्याच्या वजनाचा बहुतेक भाग काच. चांदी अगदी नाममात्र, पण मोडीच्या किमतीत तिचा वाटा मोठा. ती काच आणि प्लॅस्टिकच्या चिकट थरांमध्ये अशी बंद असते की, पत्रा फोडून विकणाऱ्या भंगारवाल्याच्या हाती फक्त ॲल्युमिनियमची चौकट आणि तांब्याच्या तारा लागतात. फ्रान्समधील ला म्यूर येथे रोसी या कंपनीने २०२३ मध्ये उष्णता व रासायनिक प्रक्रियेने थर अलग करून चांदी वेगळी काढणारा कारखाना सुरू केला. केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयासाठी झालेल्या २०२४च्या अभ्यासानुसार २०३० पर्यंत आपल्या देशात सौरसंचांचा सुमारे सहा लाख टन कचरा जमा होईल. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी हे जुने पत्रे २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तोवर ते गोदामांत एकावर एक रचलेले राहतील, काचेखाली चांदीच्या रेषा तशाच ठेवून, एखाद्या नव्या झारेकऱ्याची वाट पाहत.